विश्वासाची सनद : मद्यपानाचा पूर्वेतिहास आणि सुरक्षाविषयक पात्रता
(रायगड किनाऱ्याच्या संदर्भात तीन कथनांचे चिकित्सक वाचन)

प्रस्तावना :

एखाद्या व्यक्तीवर गुप्त कागदपत्रे, शस्त्रसाठा, बंदर किंवा सागरी सीमा सोपविताना तिचा पूर्वेतिहास तपासला जातो. या तपासणीत मद्यपानाच्या इतिहासाला किती महत्त्व द्यावे, हा प्रश्न वरकरणी प्रशासनाचा वाटतो; परंतु त्याच्या मुळाशी माणसाविषयीची एक धारणा असते. भूतकाळातील दुबळेपणा हा माणसाचा कायमचा स्वभाव समजावा की त्याच्या आयुष्यातील एक अवस्था, याचे उत्तर कोणताही अर्ज-नमुना छापण्यापूर्वी समाजाने मनाशी ठरविलेले असते. हे उत्तर जेथे घडते त्या जागांपैकी साहित्य व लोककथा ही एक महत्त्वाची जागा होय.

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. उरण तालुक्यात १९८९ साली सुरू झालेले जवाहरलाल नेहरू बंदर, करंजा येथील नौदलाचे शस्त्रागार, तेल व नैसर्गिक वायू महामंडळाचा प्रकल्प, अलिबागजवळ थळ येथील खत कारखाना आणि २००८ नंतर विस्तारलेली सागरी पोलीस व्यवस्था यांमुळे येथील तरुणाच्या उपजीविकेच्या वाटेवर ‘चारित्र्य व पूर्वचारित्र्य पडताळणी’ हा टप्पा वारंवार येतो. याच किनाऱ्यावर माडी, ताडी आणि हातभट्टी यांचा इतिहासही जुना आहे. या दोन वास्तवांची गाठ जेथे पडते तेथे एखाद्या तरुणाचे भवितव्य ठरत असते.

प्रस्तुत लेखात तीन कथनांचे वाचन केले आहे : मुरूड-जंजिऱ्याच्या मेढेकोटाची परंपरागत कथा, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘विद्याहरण’ (१९१३) आणि राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ (१९१९). या तिन्हींत मद्य आणि विश्वास यांचा संबंध तीन वेगवेगळ्या प्रकारे मांडला गेला आहे. या वाचनातून हाती येणारे भेद पुढे कायद्याच्या व पडताळणीच्या भाषेला लावून पाहिले आहेत.

मेढेकोटाची कथा : समूहाच्या माथी बसलेला दोष

पंधराव्या शतकाच्या अखेरीस राजपुरीच्या खाडीतील बेटावर कोळ्यांचा प्रमुख राम पाटील याने लाकडी मेढेकोट उभारला होता. समुद्री चाच्यांपासून संरक्षण हा त्याचा हेतू होता. निजामशाहीच्या वतीने आलेल्या पिरमखानाने व्यापाऱ्याचे सोंग घेतले, गलबते खाडीत नांगरली, पाटलाशी स्नेह जोडला आणि कोटातील लोकांना मद्य पाजले. ते बेहोश झाल्यावर लपविलेले सैनिक बाहेर पडले व कोट गेला, अशी परंपरा सांगते. सांगितल्या जाणाऱ्या रूपांत तपशील बदलतात. परंतु व्यापाऱ्याचे सोंग, मद्याची भेट आणि रात्रीचा हल्ला हे तीन घटक बहुतेक रूपांत कायम राहतात. पुढे त्याच जागी सोळाव्या शतकात दगडी किल्ला उभा राहिला.

कथा म्हणून पाहता येथे दोन दोष समोर ठेवलेले आहेत : पाहुण्याने केलेला विश्वासघात आणि यजमानांचे बेसावधपण. तरीही ही कथा सांगताना बोट बहुधा दुसऱ्याकडेच दाखविले जाते. ‘दारूपायी कोट गेला’ हा निष्कर्ष ऐकणाऱ्याच्या मनात राहतो. अनोळखी गलबते न तपासता खाडीत येऊ दिली, भेटीदाखल आलेल्या वस्तूंची झडती घेतली नाही, पहाऱ्याची पाळी नेमली नाही, या व्यवस्थेतील त्रुटी मात्र विस्मरणात जातात. मद्य हे पराभवाचे साधन होते, कारण नव्हते. पाहुण्याला विनातपास प्रवेश देणे हे कारण होते.

या कथेचा दुसरा परिणाम अधिक दूरगामी आहे. एका रात्रीचे बेसावधपण हे एका जमातीच्या स्वभावाचे लक्षण ठरते. किनाऱ्यावरील कोळी समाजाविषयी ‘दर्यावर शूर, पण बाटलीपुढे दुबळा’ असा जो साचेबंद समज नागरी समाजात आढळतो, त्याला अशा कथांच्या एकांगी कथनाने खतपाणी मिळते. व्यक्तीचा पूर्वेतिहास तपासण्याऐवजी समूहाचा पूर्वेतिहास गृहीत धरला जाणे हा पडताळणीतील सर्वांत जुना आणि सर्वांत अदृश्य दोष होय. तो कोणत्याही नमुन्यात छापलेला नसतो. तपासणाऱ्याच्या नजरेत असतो.

‘विद्याहरण’ : रहस्याचा रक्षक आणि त्याचा प्याला

महाभारताच्या आदिपर्वातील कच-देवयानीचे आख्यान खाडिलकरांनी ‘विद्याहरण’मध्ये रंगभूमीवर आणले आणि शुक्राचार्यांच्या मद्यासक्तीला त्यात मध्यवर्ती स्थान दिले. सुरक्षेच्या दृष्टीने पाहता या आख्यानाची रचना लक्षणीय आहे. मृताला जिवंत करणारी संजीवनी विद्या ही दैत्यांची सर्वांत मोलाची गुप्त शक्ती. तिचे एकमेव रक्षक शुक्राचार्य. देवांनी पाठविलेला कच शिष्य म्हणून आश्रमात येतो. त्याचा हेतू ओळखून दैत्य त्याला पुन्हा पुन्हा मारतात. शेवटी त्याची राख मद्यात कालवून ती गुरूलाच पाजतात. गुरूच्या पोटात असलेल्या कचाला वाचवायचे तर त्याला संजीवनी शिकविणे भाग पडते आणि विद्या शत्रुपक्षाकडे जाते.

या रचनेतील तीन गोष्टी विचारात घेण्यासारख्या आहेत. पहिली, रहस्य फुटते ते नशेत बडबडल्याने नव्हे. शुक्राचार्य शुद्धीवर असतानाच, कन्येच्या प्रेमापोटी, परिणाम जाणून विद्या देतात. मद्याने त्यांची जीभ सैल केली नाही. मद्याने त्यांना अशा पेचात आणून सोडले की जेथे गुपित देण्यावाचून गत्यंतर उरले नाही. ‘दारू पिणारा गुपित फोडतो’ या ढोबळ समजुतीपेक्षा हे चित्रण सूक्ष्म आहे. व्यसन माणसाला दडपणाखाली आणता येण्याजोगा बनवते, हा त्याचा आशय. आधुनिक सुरक्षा-व्यवस्थेतही व्यसनाविषयीची रास्त चिंता हीच असते : कर्ज, लाज, धमकी आणि विवेकावरील पकड सुटणे.

दुसरी गोष्ट, प्याल्यात राख मिसळणारे शत्रू नव्हेत, स्वपक्षीय आहेत. दैत्यांनी आपल्याच गुरूच्या सवयीचा उपयोग केला. गुरूची सवय सर्वांना ठाऊक होती; परंतु तिच्याविषयी कोणी बोलले नाही. ज्या संस्थेत अधिकाऱ्याचे व्यसन हा कुजबुजीचा विषय असतो पण उपचाराचा नसतो, त्या संस्थेचे हे चित्र आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. घडल्या प्रकारानंतर शुक्राचार्य दोष स्वतःकडे घेतात, मद्याचा त्याग करतात आणि पुढील पिढ्यांसाठी मद्यनिषेधाची मर्यादा घालून देतात. त्यांचे गुरुपद जात नाही. कबुली, त्याग आणि नियमन या तीन पायऱ्यांनंतर त्यांच्यावरील विश्वास टिकून राहतो. अर्थात येथे एक प्रश्न उपस्थित होतो : हा विश्वास त्यांच्या परिवर्तनामुळे टिकला की त्यांच्यावाचून दैत्यांचे चालणार नव्हते म्हणून? बलवानाचा पूर्वेतिहास समाज क्षमाशीलतेने वाचतो, ही शंका आख्यान पूर्णपणे दूर करीत नाही. गडकऱ्यांचा सुधाकर या पार्श्वभूमीवर पाहिला असता ही शंका अधिक गडद होते.

‘एकच प्याला’ : सनद गेल्यानंतरचे दार

२३ जानेवारी १९१९ रोजी गडकऱ्यांचे निधन झाले आणि त्यानंतर अवघ्या महिन्याभरात, २० फेब्रुवारी १९१९ रोजी गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग केला. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर यांनी हे नाटक मराठी मनात कायमचे रुजविले. मद्यपाननिषेधाचे नाटक म्हणून त्याची ओळख इतकी दृढ झाली की त्यातील एक दुसरा प्रवाह दुर्लक्षित राहिला. तो म्हणजे पात्रतेचा व विश्वासाचा प्रश्न.

नाटकाच्या आरंभीच एक परवाना जातो. सुधाकर हा स्वकर्तृत्वाने वर आलेला हुशार वकील. मुन्सफाशी झालेल्या खटक्यातून त्याची सनद सहा महिन्यांसाठी रद्द होते. येथे क्रम ध्यानात घेतला पाहिजे. सनद गेली तेव्हा सुधाकराने मद्याला स्पर्शही केलेला नव्हता. अपमान विसरण्यासाठी कारकून तळीराम त्याच्या हाती प्याला देतो तो त्यानंतर. मद्याने पात्रता घालविली असे प्रथमदर्शनी घडत नाही; पात्रता गेल्याच्या जखमेतून मद्य शिरते. एवढ्या कारणाने असा माणूस व्यसनाधीन होईल काय, असा आक्षेप या कथानकावर घेतला जातो. परंतु ज्याच्यामागे घराणे नाही, मालमत्ता नाही, ज्याची सारी प्रतिष्ठा एका कागदावर उभी आहे, त्याच्या दृष्टीने सनद जाणे म्हणजे केवळ व्यवसायातील खंड नव्हे; ते स्वत्वावरील आघात होय. या दृष्टीने वाचल्यास सुधाकराचा अधःपात अकारण वाटत नाही.

आर्य मदिरा मंडळाचे प्रवेश बहुधा विनोदासाठी आठवले जातात व त्यांनी नाटकाचा गंभीर हेतू विसविशीत केला, असेही म्हटले जाते. तथापि या प्रवेशांतून एक सामाजिक सत्य पुढे येते. मंडळात निरनिराळ्या थरांतील माणसे आहेत, शास्त्रीही आहेत. पिणारे अनेक आहेत. परंतु ‘दारुडा’ हा शिक्का त्यांतील काहींवरच उमटतो. पिणे आणि पिणारा म्हणून नोंदले जाणे या दोन भिन्न घटना आहेत, हे गडकऱ्यांनी हास्याच्या आवरणाखाली दाखवून दिले.

या लेखाच्या दृष्टीने नाटकाचा कणा मात्र चौथ्या अंकात आहे. सुधाकर मद्य सोडण्याचा निश्चय करतो आणि नोकरीच्या शोधात बाहेर पडतो. ज्या प्रतिष्ठितांची दारे तो ठोठावतो ती एकामागून एक बंद होतात. त्याची बुद्धी, त्याचे शिक्षण, त्याचा आजचा निश्चय यांपैकी काहीच विचारात घेतले जात नाही. काल तो पीत होता एवढीच त्याची ओळख उरते. या अपमानांच्या मालिकेनंतर तो पुन्हा प्याल्याकडे वळतो आणि या वेळी परतीची वाट शिल्लक राहत नाही. बालकाचा मृत्यू, सिंधूचा अंत आणि सुधाकराचा आत्मघात यांकडे जाणारा उतार येथून सुरू होतो.

हा प्रसंग दोन्ही बाजूंनी वाचता येतो आणि तसाच तो वाचला पाहिजे. दार बंद करणाऱ्यांच्या बाजूने असे म्हणता येईल की त्यांचा संशय खोटा ठरला नाही. सुधाकर पुन्हा प्यायलाच. परंतु हा युक्तिवाद कार्याला कारण समजतो. नकारामुळे घडलेले पुनःपतन हे नकाराचे समर्थन होऊ शकत नाही. त्याचबरोबर सुधाकराला निव्वळ समाजाचा बळी ठरविणेही नाटकाशी प्रामाणिक राहणार नाही. त्याचा निश्चय नवा होता, कसोटीला न लागलेला होता. त्याच्या पाठीशी उपचार नव्हते, काळ नव्हता, आधार देणारी व्यवस्था नव्हती. आजच्या निश्चयावर लगेच जोखमीचे पद सोपविणे आणि त्याला कोणतेही काम नाकारणे यांच्यामध्ये बराच प्रदेश आहे. नाटकातील समाजाला तो प्रदेश दिसत नाही. शोकांतिका त्या न दिसण्यात आहे.

शेवटच्या अंकात सिंधू पतीला वाचविण्यासाठी पोलिसांपुढे सत्य लपविते. पतिव्रतेचा आदर्श म्हणून या प्रसंगाचे गुणगान झाले आहे. परंतु लपविण्याच्या संस्कृतीचे ते एक टोक आहे, असेही म्हटले पाहिजे. व्यसन कुटुंबाच्या अब्रूचा प्रश्न झाले की घर ते झाकते, कार्यालय त्याची कुजबूज करते आणि कागदावर काहीच येत नाही. येते तेव्हा ते फौजदारी गुन्हा म्हणून येते.

कायद्याची भाषा : नोंद कशाची होते?

या साहित्यिक भेदांच्या प्रकाशात पडताळणीची प्रत्यक्ष चौकट तपासता येते. केंद्र शासनाच्या सेवेत प्रवेश करताना भरावयाच्या साक्षांकन नमुन्यात अटक, खटला, दंड, शिक्षा यांविषयी प्रश्न विचारले जातात आणि माहिती दडविणे ही अपात्रता ठरू शकते, अशी ताकीद असते. मद्यपानाच्या सवयीविषयी मात्र त्यात स्वतंत्र प्रश्न नसतो. सेवेत आल्यानंतर केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील नियम २२ लागू होतो : कामावर असताना नशेत नसणे, सार्वजनिक ठिकाणी नशेच्या अवस्थेत न वावरणे, अतिरेकी सेवन न करणे. म्हणजे सेवेतील व्यक्तीचे वर्तन पाहिले जाते. प्रवेश करू इच्छिणाऱ्याची मात्र पोलिसांकडील नोंद पाहिली जाते.

महाराष्ट्रात या नोंदीला एक विशेष वळण आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य बाळगणे व पिणे हा आजही गुन्हा आहे. सार्वजनिक ठिकाणी नशेत गैरवर्तन करणे हा वेगळा गुन्हा आहे. व्यवहारात मद्यगृहात एक दिवसाचा परवाना सहज मिळतो आणि शहरातील सुस्थित माणसाला परवान्याचा प्रश्न क्वचितच भेडसावतो. गावाबाहेरच्या हातभट्टीवर टाकलेल्या छाप्यात सापडणारा मजूर, आदिवासी किंवा मच्छीमार मात्र नोंदीत येतो. त्यापूर्वीही, १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने किनाऱ्यावरील भंडाऱ्यांचा माडी काढण्याचा परंपरागत व्यवसाय परवाना व कर यांच्या चौकटीत आणला होता. कालची उपजीविका आजचा गुन्हा ठरण्याची प्रक्रिया या किनाऱ्याला नवीन नाही. याचा अर्थ असा की पोलिसांकडील नोंद ही मद्यपानाचे माप नव्हे. ती मद्यपानाच्या जागेचे आणि पिणाऱ्याच्या सामाजिक स्थानाचे माप आहे. नियमित व अतिरेकी पिणारा परवानाधारक पडताळणीत निष्कलंक ठरतो आणि तारुण्यात एकदा सापडलेला, आज न पिणारा तरुण संशयित ठरतो.

न्यायालयांनी या ताठरपणाला काही प्रमाणात मुरड घातली आहे. १९९६ साली पवनकुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात वीस रुपये दंडाच्या किरकोळ शिक्षेवरून नोकरी घालविणे सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केले आणि क्षुल्लक दंडाच्या शिक्षा नोकरीच्या आड येऊ नयेत यासाठी संसदेने लक्ष घालावे, असे सुचविले. २०११ साली दिल्लीच्या पोलीस आयुक्तांविरुद्ध संदीपकुमार या प्रकरणातील निकाल साहित्याच्या अभ्यासकाला विशेष जवळचा वाटेल. तारुण्यातील चुकीकडे क्षमाशीलतेने पाहावे हे सांगताना न्यायालयाने व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतील जाँ वालजाँ या पात्राचे स्मरण केले. भुकेपोटी पाव चोरणारा तो माणूस जन्मभर चोर म्हणूनच ओळखला गेला. मराठी न्यायविचाराला असेच स्मरण हवे असेल तर चौथ्या अंकातील सुधाकर समोर उभा आहे.

२०१६ साली अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने या विषयावरील परस्परविरोधी निकालांची संगती लावली. किरकोळ स्वरूपाचे प्रकरण दडविले गेल्यास नियोक्ता आपल्या विवेकाने त्याकडे दुर्लक्ष करू शकतो. नमुन्यात जे स्पष्टपणे विचारलेले असेल तेवढेच सांगण्याचे बंधन असते. परंतु सत्य सांगितले तरी पूर्वचारित्र्याचा विचार करण्याचा नियोक्त्याचा अधिकार अबाधित राहतो, ही त्यातील काही सूत्रे. पोलीस व सशस्त्र दलांच्या बाबतीत कसोटी अधिक कडक राहते. या सूत्रांत प्रामाणिक कबुलीला स्थान मिळाले आहे, हे महत्त्वाचे. मात्र नियोक्त्याने विवेक कोणत्या निकषांवर वापरावा, याची मद्यपानापुरती तपशीलवार मांडणी त्यात नाही.

अशी मांडणी अमेरिकेत आढळते. २०१७ पासून लागू असलेल्या तेथील सुरक्षा-पात्रतेच्या तेरा मार्गदर्शक सूत्रांपैकी एक सूत्र केवळ मद्यसेवनाविषयी आहे. त्यात चिंतेची कारणे सांगितली आहेत, तशीच ती चिंता सौम्य करणारी कारणेही सांगितली आहेत : पुरेसा काळ लोटलेला असणे, समस्येची कबुली देऊन तिच्यावर मात केल्याचा पुरावा असणे, उपचार पूर्ण केलेले असणे. एका घटनेवरून नव्हे तर संपूर्ण व्यक्ती पाहून निर्णय घ्यावा, हे त्या सूत्रांचे अधिष्ठान आहे. शंका राहिल्यास मात्र ती राष्ट्रीय सुरक्षेच्या बाजूने सोडविली जाते. शुक्राचार्यांच्या कथेतील कबुली, त्याग आणि नियमन या पायऱ्या येथे प्रशासकीय भाषेत आलेल्या दिसतात. प्रत्यक्ष अंमलबजावणीत तेथेही त्रुटी असू शकतील. परंतु मद्यपानाचा प्रश्न उघडपणे विचारणे आणि त्यातून बाहेर पडण्याची वाटही त्याच कागदावर लिहून ठेवणे, ही गोष्ट विचारार्ह आहे.

भारतात या दिशेचे एक पाऊल वेगळ्या कायद्यात पडलेले आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येत मद्य व मादक द्रव्यांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश आहे आणि रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेचा अधिकार मान्य केलेला आहे. म्हणजे एकाच राज्यात एका कायद्याच्या दृष्टीने विनापरवाना पिणारा गुन्हेगार आहे आणि दुसऱ्या कायद्याच्या दृष्टीने व्यसनग्रस्त हा रुग्ण आहे. पडताळणीची यंत्रणा पहिल्या कायद्याच्या नोंदी वाचते. दुसऱ्याचा दृष्टिकोन तिच्यापर्यंत पोचलेला नाही. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांनी व्यसनमुक्त माणूस पुन्हा उभा राहू शकतो हे दाखवून दिले असले, तरी उपचार घेतल्याची माहिती उघड झाल्यास नोकरीवर गदा येईल ही भीती अनेकांना उपचारांपासून दूर ठेवते. सुरक्षेच्या दृष्टीने उपचार घेतलेला माणूस हा लपून पिणाऱ्यापेक्षा कमी जोखमीचा. परंतु व्यवस्थेची रचना दुसऱ्याला झाकते आणि पहिल्याला उघडे पाडते.

किनाऱ्याचा धडा :

रायगड किनाऱ्याच्या अलीकडील इतिहासातील सर्वांत मोठा सुरक्षाभंग १९९३ साली झाला. जानेवारीत दिघी येथे आणि फेब्रुवारीत श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडी येथे शस्त्रे व स्फोटके उतरविण्यात आली. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतील स्फोटमालिकेत २५७ माणसे मृत्युमुखी पडली. पुढे विशेष न्यायालयाने ज्यांना दोषी ठरविले त्यांत सीमाशुल्क व पोलीस खात्यांतील काही अधिकारी-कर्मचारीही होते आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने या खटल्यावर अंतिम निकाल दिला. या सरकारी सेवकांविरुद्ध सिद्ध झालेला दोष लाच घेऊन मार्ग मोकळा करण्याचा होता. ते सर्व विश्वासाच्या पदांवर होते. त्यांच्याजवळ सनद होती. मेढेकोटाच्या कथेत पाहुण्याची गलबते विनातपास आत आली. येथे तपासणाऱ्यांनीच डोळे मिटले. दोन्ही वेळा दार आतून उघडे राहिले.

२००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर मच्छीमारांसाठी ओळखपत्रे, बोटींची नोंदणी आणि सागरी पोलीस ठाणी यांवर भर देण्यात आला. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरजवळ शस्त्रे असलेली बेवारस बोट आढळली तेव्हा किनाऱ्यावरील दक्षतेची आवश्यकता पुन्हा अधोरेखित झाली. या दक्षतेत मच्छीमाराला ‘किनाऱ्याचे डोळे आणि कान’ म्हटले जाते. एकीकडे ज्याच्यावर सीमेची नजर म्हणून विसंबायचे, त्याच्याच मुलाला जुन्या दारूबंदी प्रकरणावरून बंदराच्या प्रवेशद्वारावर अविश्वासू ठरवायचे, हा अंतर्विरोध आहे. या तरुणाचे नुकसान व्यक्तिगत असते. परंतु किनाऱ्याचा विश्वास गमावणे हे सुरक्षेचेच नुकसान होय.

समारोप :

तिन्ही कथनांच्या वाचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) मद्यपानामुळे निर्माण होणारा धोका आणि मद्यपानाचा इतिहास या दोन भिन्न गोष्टी आहेत. ‘विद्याहरण’ पहिल्याविषयी बोलते, ‘एकच प्याला’ दुसऱ्याविषयी. पडताळणीने वर्तमान नियंत्रण आणि दडपणाखाली येण्याची शक्यता तपासावी. नुसती जुनी नोंद मोजू नये.

२) समूहाविषयीचे समज हे व्यक्तीच्या चारित्र्याचा पुरावा नव्हेत. मेढेकोटाच्या कथेचे प्रचलित वाचन या दृष्टीने सुधारण्याची गरज आहे.

३) महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखालील किरकोळ नोंद मद्यपानापेक्षा सामाजिक स्थान अधिक दर्शविते. तिचे मूल्यमापन करताना गुन्ह्याचे स्वरूप, तेव्हाचे वय आणि लोटलेला काळ यांचा लेखी विचार व्हावा.

४) प्रामाणिक कबुली व पूर्ण केलेला उपचार यांना पात्रतेच्या बाजूने वजन मिळाले तरच लपविण्याची संस्कृती कमी होईल. शस्त्रागार, बंदर किंवा सीमा यांसारख्या जोखमीच्या जागी अधिक कालावधीची कसोटी लावणे न्याय्य ठरेल; कायमचे दार बंद करणे ठरणार नाही.

५) पडताळणी ही प्रवेशापाशी थांबता कामा नये. १९९३ चा विश्वासघात सेवेत असलेल्यांनी केला होता.

‘एकच प्याला’ शंभर वर्षांहून अधिक काळ मद्याविरुद्धचे नाटक म्हणून शिकविले गेले आहे आणि ते तसे आहेच. परंतु वर्गात चौथा अंक शिकविताना सुधाकराला नकार देणाऱ्यांकडेही विद्यार्थ्यांचे लक्ष वेधले गेले पाहिजे. रायगड किनाऱ्यावरील महाविद्यालयांत बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना उद्या साक्षांकन नमुना भरावयाचा आहे, तर काहींना उद्या तो तपासावयाचा आहे. पहिल्यांना खरे लिहिण्याचे धैर्य आणि दुसऱ्यांना लिहिलेले नीट वाचण्याचा विवेक मिळाला, तर या जुन्या नाटकाचे अध्यापन सार्थ झाले, असे म्हणता येईल.